चाळीस घरांचे तांबे

फार जुन्या काळची ही गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी म्हणून सांगतो. पण मोठ्यांनी मधेच उठून जाऊ नये, कारण हिच्यातली चूक मोठ्यांनीच केलेली आहे.

घाटाच्या पायथ्याशी एक नगर होते आणि त्या नगरात तांबटांची आळी होती. आळीत चाळीस घरे. प्रत्येक घराच्या ओटीवर ऐरण आणि मागच्या अंगाला भट्टी. उजाडले की चाळीस हातोडे एकदम सुरू व्हायचे. हंडे, घागरी, घंगाळी, तपेली ठोकून ठोकून घडायची, आणि दिवसभर आळीत दुसरा कुठलाही आवाज उरायचा नाही.

असल्या आवाजात जन्म काढला की कान जातात. कुणाचे चाळिशीत, कुणाचे पन्नाशीत. आणि तांबटाचे कान गेले म्हणजे त्याचा धंदाच बसला. घडवलेल्या भांड्यावर बोट मारायचे, त्याचा नाद ऐकायचा आणि पत्रा कुठे पातळ राहिला ते ओळखायचे, अशी त्या कामाची रीत. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या हंड्याला गिऱ्हाईक हात लावत नसे.

म्हणून त्या आळीत एक सवय पडून गेली होती. कुणी काही बोलले आणि आपल्याला उमगले नाही, तरी ‘काय म्हणालात?’ असे विचारायचे नाही. नुसती मान हलवायची. विचारले की लोक म्हणणार, गेले बुवा याचे कान! मग काम बंद. सुरुवातीला हे कानांपुरतेच होते. पुढे बापाचे पाहून मुलगा शिकला आणि त्याचे पाहून नातू. चांगले कान असलेली धडधाकट माणसेही न समजलेल्या गोष्टीला मान हलवू लागली. त्यात कुणाला काही वावगे वाटेनासे झाले.

त्याच आळीची एक चांगली रीतही होती. ती सांगितली नाही तर मी त्या माणसांवर अन्याय करीन.

दर अमावास्येला हातोडे बंद असत. त्या दिवशी प्रत्येक घराने महिनाभरात साठलेली थोडी कातरण, म्हणजे पत्रा कापताना पडलेले तुकडे, आळीच्या कोठीत आणून टाकायची. कुणी मूठभर टाकी, कुणी दोन मुठी. अशी साठ वर्षे गेली आणि कोठीत चव्वेचाळीस मण तांबे साठले. ते कुणा एकाचे नव्हते. ज्याचे हात भाजले, ज्याचे डोळे भट्टीने नेले, ज्याचे कान पुरते गेले, त्याला, आणि कामात कर्ता गेला तर त्याच्या घराला, त्यातून दर अमावास्येला शेरभर तांबे मिळे. ते बाजारात घातले की महिन्याचे दाणे येत.

आपल्या गोष्टीच्या वेळी असे शेर घेणारे पाच जण होते. दोन ठार बहिरे म्हातारे, एक आंधळा, एक हात भाजलेला, आणि पाचवी भिवरा. भिवराचा नवरा भट्टी फुटून गेला होता. पदरात दोन लहान मुली. ती दिवसभर चिंच आणि मीठ लावून लोकांची नवी भांडी घासून लखलखीत करून देई, पण तेवढ्याने तिघींची पोटे भरत नसत. त्या शेरभर तांब्यावर तिचे घर उभे होते.

कोठीची किल्ली आळीच्या म्होरक्याकडे असे. त्याला सगळे ‘थोरले’ म्हणत. थोरले खरोखर थोर होते, हे मी आधीच सांगून ठेवतो. साठ्यातला एक तुकडा त्यांनी कधी आपल्या घरी नेला नाही. भांडण मिटवावे तर त्यांनी, सोयरीक जमवावी तर त्यांनी. आळीत काहीही अडले की लोक म्हणत, थोरल्यांना विचारा. आणि थोरल्यांना, खरे सांगायचे तर, हे फार आवडे.

एका वर्षी दसऱ्याच्या सुमारास बंदरावरचा एक व्यापारी नगरात आला. त्याची गलबते समुद्रापार जात. अमावास्येचा दिवस पाहून तो घोड्यावरून आळीत आला. चाळीस घरांचे कर्ते पुरुष कोठीसमोरच्या पारावर जमले. बाजूला भिवरा एक घंगाळ घासत बसली होती.

व्यापारी म्हणाला, “मंडळी, तुमचं तांबं अंधारात पडून हिरवं पडतंय. मला मालाची गरज आहे. दोन वाटा आहेत. पहिली ठेवीची. तांबं माझ्याजवळ ठेवा, वीस मणांमागे वर्षाला एक मण व्याज देईन. मुद्दल मागाल तेव्हा परत. त्यासाठी माझी बंदरावरची वखार तारण राहील. दुसरी वाट भागभांडवलाची. तांबं माझ्या व्यापारात घाला. मुदत एका सफरीची. परतावा मणामागे अर्धा मण, कधी जास्तही. जोखीम मात्र समाईक.”

त्या दिवशी हातोडे बंद होते. व्यापाऱ्याचा आवाज खणखणीत होता. एकही शब्द कुणाच्या कानावरून निसटला नाही. बहिऱ्या म्हाताऱ्यांचे सोडा, बाकी प्रत्येकाने प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकला. फक्त त्यांतले निम्मे शब्द त्यांना कळले नाहीत. व्याज ठाऊक होते. मुद्दलही ठाऊक होते. पण तारण, भागभांडवल, जोखीम हे बंदरावरचे शब्द. तांबटाने उभ्या जन्मात त्यांच्याशी कधी व्यवहार केला नव्हता.

“कळलं ना सगळं?” व्यापाऱ्याने विचारले.

सगळ्यांनी थोरल्यांकडे पाहिले. थोरल्यांनी मान हलवली. मग चाळीसही माना हलल्या.

“पुन्हा सांगू का?” व्यापारी म्हणाला. “समाईक माल आहे, विचारून घ्या. विचारायला पैसे पडत नाहीत.”

डावीकडच्याला वाटले, उजवीकडच्याला कळलेले दिसते. उजवीकडच्याला वाटले, मागच्याला कळले असणार. मागचा थोरल्यांकडे पाहत होता. सगळे मूग गिळून बसले. एक आकडा मात्र सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसला होता, मणामागे अर्धा मण. आणि त्याच्या शेजारी दुसरे वाक्यही जाऊन बसले होते, मुद्दल मागाल तेव्हा परत. ही दोन वाक्ये दोन वेगळ्या वाटांची होती. त्या भल्या माणसांनी मनातल्या मनात त्यांचे लग्न लावून टाकले.

“दुसरी वाट,” थोरले म्हणाले.

पाच जणांना पुढचे आठ महिने पुरावे म्हणून एक मण, म्हणजे चाळीस शेर, राखावा की जास्त, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी एक मण मागे ठेवायचा, तीन मण आळीच्या भट्ट्या दुरुस्त करायला काढायचे आणि चाळीस मण व्यापाऱ्याला द्यायचे ठरले. कागद दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायचा होता.

ऊन उतरल्यावर भिवरा घासलेले घंगाळ पोचवायला थोरल्यांच्या ओटीवर आली. ठेवून झाले तरी ती गेली नाही.

“थोरले, रागावू नका. एक विचारू?”

“विचार की पोरी.”

“तो व्यापारी भागभांडवल म्हणाला, आणि जोखीम समाईक म्हणाला. म्हणजे काय हो?”

हाच प्रश्न दुपारपासून थोरल्यांच्याही डोक्यात होता. समोर एकटी भिवरा होती. आळीतले दुसरे कुणी नव्हते. ‘मलाही कळलं नाही गं’ एवढे म्हणायला किती वेळ लागतो? पण साठ वर्षांच्या त्या माणसाला, ज्याला सगळे विचारायला येतात त्याला, हे भांडी घासणाऱ्या बाईसमोर म्हणवेना.

“तुझा शेर तुला मिळेल,” ते जरा चढ्या आवाजात म्हणाले. “बाकीचं तुला काय करायचंय?”

भिवरा खाली मान घालून गेली.

मग थोरल्यांना चैन पडेना. ते उठून धर्मशाळेत गेले. व्यापारी तिथे उतरला होता. एकांतात गाठून विचारून घ्यावे, असे त्यांनी ठरवले होते. पण व्यापाऱ्याभोवती लोहारांचा म्होरक्या, विणकरांचा म्होरक्या अशी चार मातब्बर मंडळी बसलेली. थोरले दारात उभे राहिले. व्यापाऱ्याने हसून विचारले, “या, काही विचारायचं राहिलं का?”

“छे छे,” थोरले म्हणाले. “इकडचं पाणी मानवलं ना, एवढंच पाहायला आलो होतो.”

आणि ते परत आले. मला या माणसाचा राग येतो आणि दयाही येते. आपणही असे कुठल्या ना कुठल्या दारातून परत आलेलो असतो.

सकाळी कागद झाला. चाळीस मण तांबे बैलगाड्यांवर चढून बंदराकडे गेले.

शिमग्याच्या आधी पहिली सफर सुखरूप परतली. व्यापाऱ्याचा माणूस निरोप घेऊन आला, “चाळीस मणांवर वीस मण परतावा झालाय. घेता, की मुद्दलासकट पुन्हा भांडवलात घालता?”

आळीत आनंदीआनंद झाला. साठ वर्षांत जेवढे साठले त्याच्या जवळपास निम्मे एका सफरीत! थोरल्यांना लोकांनी डोक्यावर घ्यायचेच बाकी ठेवले. भिवराच्या प्रश्नाने त्यांच्या छातीवर ठेवलेले ओझे त्या दिवशी उतरले. पुन्हा घाला, असे त्यांनी सांगितले. साठ मण तांबे दुसऱ्या सफरीला निघाले.

आणि आळीने आणखी एक गोष्ट केली. अमावास्येला कोठीत कातरण टाकणे हळूहळू बंद पडले. एवढा परतावा येतोय, आता तुकडे कशाला वेचायचे? कातरण घरोघर विकली जाऊ लागली. कोठीत मागे ठेवलेल्या एका मणातून पाच जणांचे शेर जात राहिले.

पावसाळा तोंडावर आला असताना एके दिवशी व्यापारी स्वतः आळीत आला. या वेळी घोडा नव्हता. पाय सुजलेले होते, डोळे खोल गेले होते. त्याला पाहून हातोडे एकेक करून थांबले.

“वादळात तिन्ही गलबतं गेली,” तो म्हणाला. “माझी माणसं गेली. माल गेला. निरोप्याकडून कळवावंसं वाटलं नाही, म्हणून चालत आलो.”

लोक हळहळले. त्याला पाणी दिले, बसायला घोंगडी दिली. मग थोरले म्हणाले, “वाईट झालं. नफा गेला तर जाऊ द्या. आमचं चाळीस मण मुद्दल तेवढं सवडीनं परत करा.”

व्यापाऱ्याने चमकून वर पाहिले.

“मुद्दल कसलं, थोरले? तुमची ठेव नव्हती. तुम्ही भागभांडवल घातलंत.”

“म्हणजे?”

आठ महिन्यांनी हा शब्द थोरल्यांच्या तोंडातून बाहेर पडला. किती सोपा शब्द!

व्यापारी शांतपणे सांगू लागला. “ठेव म्हणजे तुमची वस्तू माझ्याजवळ सांभाळायला दिलेली. ती बुडाली तरी मी भरून द्यायची. नाही दिली, तर तारण ठेवलेली वखार तुमची. म्हणून तिला व्याज थोडं. भागभांडवल म्हणजे तुम्ही माझ्याबरोबर गलबतात चढलात. गलबत पोचलं तर लाभ दोघांचा, बुडालं तर दोघांचंही बुडालं. बुडण्याची ही जी शक्यता, तिलाच जोखीम म्हणतात. मणामागे अर्धा मण उगाच मिळत नव्हता. ती जोखीम पत्करलीत म्हणून मिळत होता.”

“हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?” कुणीतरी मागून ओरडले.

“सांगितलं होतं. पुन्हा सांगू का, असंही विचारलं होतं. तुम्ही सगळ्यांनी माना हलवल्यात.”

या व्यापाऱ्याला लबाड ठरवता आले असते तर आळीला बरे वाटले असते. मलाही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. पण तो लबाड नव्हता. त्याने शब्द न् शब्द खरा सांगितला होता आणि त्याचेही सगळे गेले होते. त्याने हात जोडले आणि आल्या वाटेने तो निघून गेला. त्याला कुणी अडवले नाही.

दोन दिवसांनी अमावास्या होती. मागे ठेवलेला मण गेल्या महिन्यातच संपला होता. पावसाळ्याच्या तोंडाशी कोळसा मिळत नाही, भट्ट्या मंदावतात. चाळीस घरांनी कानाकोपरे झाडून कातरण आणली, ती तराजूत घातली. भरली जेमतेम दीड शेर. बहुतेक तुकडे लोकांनी आधीच विकले होते.

पाच जण ठरलेल्या वेळी आले. आंधळ्याला एका बहिऱ्या म्हाताऱ्याने हाताला धरून आणले होते. भिवरा दोन्ही मुलींना घेऊन आली होती. सगळी आळी पारावर गोळा झालेली. थोरले कोठीच्या दारात उभे होते. त्यांनी आपल्या घरचे होते नव्हते तेवढे तांबे आणून त्या दीड शेरात घातले, तेव्हा काटा तीन शेरांवर गेला. पाचांना तीन.

थोरले सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले.

“मंडळी, मला भागभांडवल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. जोखीमही ठाऊक नव्हती. कळलं नसताना मी मान हलवली. हे माझ्यामुळं झालं.”

पुढच्या रांगेतला एक जण खाली पाहत म्हणाला, “मलाही नव्हतं ठाऊक.”

“मलाही,” त्याचा शेजारी म्हणाला.

“मला वाटलं तुम्हाला कळलंय.”

“मलाही नाही.”

मग मागून, बाजूने, एकेका घराचा कर्ता उठून तेच म्हणू लागला. चाळिसांत एकालाही कळले नव्हते. एकाने जरी त्या दिवशी तोंड उघडले असते तरी उरलेल्यांचा जीव भांड्यात पडला असता, आणि साठ वर्षांचे तांबे जागेवर राहिले असते. ते आता सगळ्यांना एकदम दिसले. काही जण रडू लागले.

भिवराने हे सगळे ऐकून घेतले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते.

“थोरले,” ती म्हणाली, “मला ठाऊक नाही, एवढं जरी तुम्ही त्या दिवशी मला म्हणाला असतात, तर मीच धर्मशाळेत जाऊन विचारून आले असते. मला कसली लाज? मला कुठं कोण शहाणी समजतं?”

थोरल्यांनी तराजू तिच्यापुढे सरकवला.

“ते तीन शेर या चौघांना वाटून द्या,” भिवरा म्हणाली. “यांना कुठं जाता येत नाही. मला पाय आहेत.”

“पोरी, थांब. दोन महिने कळ काढ. पुढच्या अमावास्येपासून आम्ही पुन्हा साठवायला लागू. दुप्पट टाकू.”

“टाका. टाकायलाच पाहिजे. पण यांना आज काय घालू?” तिने मुलींच्या डोक्यांवर हात ठेवला.

ज्याच्या त्याच्या घरातले दाणे मोजकेच होते आणि वरून पावसाळा यायचा होता. तरी बायकांनी मूठमूठ पीठ तिच्या पदरात घातले. ते बांधून घेऊन ती त्याच दुपारी दुसऱ्या राज्यात मजुरीला निघून गेली. थोरले वेशीपर्यंत तिच्या मागे मागे चालत गेले. धाकटी मुलगी वळून वळून पाहत होती. भिवराने वळून पाहिले नाही, आणि ती त्या नगरात पुन्हा कधी आली नाही.

त्या पावसाळ्यात दोघा बहिऱ्या म्हाताऱ्यांपैकी एक गेला. आंधळा हिवाळ्यात गेला. कोठीत पुन्हा पुरेसे तांबे साठायला एकवीस वर्षे लागली. थोरले तोवर जगले नाहीत; पण जगले तोवर पहाटे सगळ्यांच्या आधी त्यांचा हातोडा सुरू होई आणि त्या जादा कामाचे तांबे कोठीत जाई.

मरणाच्या वर्षभर आधी दुसरा एक व्यापारी असाच दोन वाटा घेऊन आला होता. थोरल्यांना तेव्हा खरोखरच ऐकू येत नव्हते. काठी टेकत ते सगळ्यांपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “मला कळलं नाही. एकेक शब्द सोडवून सांगा. आम्ही सगळे बसून आहोत.” सांगता सांगता सकाळची संध्याकाळ झाली. त्या दिवशी आळीने तोवर साठलेल्या तांब्यासाठी थोड्या व्याजाची ठेव पत्करली, आणि एकही मान उगाच हलली नाही.

बोध एवढाच, की ज्या शब्दाचा अर्थ कळला नाही त्याला होकार देऊ नये; विचारण्याची लाज घटकाभराची असते, पण न विचारण्याची किंमत आपल्यावर विसंबलेल्यांना मोजावी लागते.